आपल्या वाट्याला किती घागरी?

१२ एप्रिल २०१६ ला लातूरच्या रेल्वे स्टेशनवर पाण्याची पहिली गाडी आली. मी तेव्हा शाळेत होते. मिरजेहून, सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून आलेल्या त्या गाडीला १० वाघिणी होत्या. एका वाघिणीत ५० हजार लिटर, म्हणजे एकूण पाच लाख लिटर पाणी. बाबांनी दुसऱ्या दिवशी पेपरमधली बातमी मोठ्यानं वाचून दाखवली. 'पाच लाख' म्हणताना त्यांचा आवाज चढला होता. आजी दारात टिपाडावर फडकं बांधत होती. ती म्हणाली, ''ते समदं खरं, पर आपल्या वाट्याला किती घागरी?''

बाबा गप्प बसले. पेपरात ते लिहिलेलं नव्हतं.

मी मास कॉमची पदवी घेतली, इंटर्न म्हणून या पानावर काम करायला लागले, आणि गेल्या काही महिन्यांत 'इन्फोग्राफिक' नावाच्या प्रकाराशी झटापट करते आहे. पुस्तकं वाचली, व्हिडिओ बघितले, सॉफ्टवेअर शिकले. त्यानंतर लक्षात आलं की या विषयातला पहिला धडा मला त्याच दिवशी आजीनं दिला होता. आकडा मोठा आहे की छोटा, हे आकडा स्वतः सांगत नाही. तो कशाशी ताडून बघायचा, हे कुणीतरी दाखवावं लागतं. माहितीची मांडणी म्हणजे हेच दाखवण्याचं काम. रंग, आयकॉन, फॉन्ट या सगळ्या नंतरच्या गोष्टी.

आता तुम्ही म्हणाल, हे डिझाइनवाल्यांचं काम आहे, आम्हाला काय त्याचं? आम्ही बीएस्सी, बीकॉम, नीटवाले. पण मित्रांनो, सकाळी उठल्यापासून तुम्ही किती चार्ट बघता ते मोजा. धरणांचे साठे, निकालाची टक्केवारी, क्लासच्या जाहिराती, निवडणुकीचे अंदाज, सोयाबीनचे भाव, फोनमधला स्क्रीन टाइम. यांतल्या निम्म्या गोष्टींवरून आपण काही ना काही ठरवतो. कुठल्या क्लासला प्रवेश घ्यायचा, घरात पाणी साठवायचं का, माल आज विकायचा की थांबायचं. चित्र चुकीचं असेल तर निर्णय चुकतो, आणि चित्र काढणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

म्हणून हा लेख. मी यात तज्ज्ञ नाही, शिकणारी आहे. जे शिकले ते आपल्या नांदेड-लातूरच्या उदाहरणांतून सांगते.

आधी भागाकार करा

आजीच्या प्रश्नाचं उत्तर काढू. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लातूर शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८३ हजार. पहिल्या गाडीचे पाच लाख लिटर या सगळ्यांत वाटले तर माणशी साधारण १.३ लिटर. एक बाटली आणि थोडं वर. पुढे गाडी ५० वाघिणींची झाली, म्हणजे २५ लाख लिटर. तरी माणशी साडेसहा लिटर. आमच्या घरच्या घागरीत पंधरा लिटर बसतं. म्हणजे आजी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर : अर्धी घागरसुद्धा नाही.

शहरी पाणीपुरवठ्यासाठी आपल्याकडे माणशी रोज १३५ लिटरचा मापदंड धरतात. आता एक कागद घ्या आणि दहा लिटरला एक सेंटिमीटर या मापानं तीन पट्ट्या काढा. मापदंडाची पट्टी साडेतेरा सेंटिमीटर येईल. मोठ्या गाडीची पट्टी साडेसहा मिलिमीटर. पहिल्या गाडीची पट्टी जेमतेम एक रेघ. झालं तुमचं पहिलं इन्फोग्राफिक. सॉफ्टवेअर लागलं नाही, रंग लागला नाही, आणि 'पाच लाख लिटर' या शब्दांनी डोळ्यांपुढं जे लपवलं होतं ते एका नजरेत दिसलं.

इथं एक काळजी मात्र घ्यायची. शहराला तेव्हा फक्त गाडीचं पाणी मिळत होतं असं नाही. टँकर होते, बोअर होते. त्यामुळे पट्टीखाली 'फक्त रेल्वेचं पाणी, सर्वांत समान वाटलं असं धरून' ही ओळ लिहावीच लागेल. ती ओळ गाळली तर आपणही दिशाभूलच केली. आणि गाडीची थट्टा करायचा माझा हेतू नाही. राजस्थानातल्या कोट्याच्या वर्कशॉपमध्ये साफ केलेल्या वाघिणी, मिरजेत कृष्णेचं पाणी भरणारी माणसं, रात्रंदिवस राबलेले रेल्वे कर्मचारी, या सगळ्यांनी आपल्याला त्या उन्हाळ्यात तगवलं. पण तगवणं आणि प्रश्न सुटणं यांत किती अंतर होतं, हे पट्टीनं दाखवलं असतं तर आपण पुढचे प्रश्न लवकर विचारले असते. मार्चमध्येच पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती, इतकी परिस्थिती ताणलेली होती. अशा वेळी लोकांना धीर देणारे मोठे आकडे मिळतात. त्यांना खरं तर हिशेब करता येईल असे आकडे हवे असतात.

अजून एक हिशेब करून बघा. लातूरला पाणी देणाऱ्या मांजरा धरणाचा उपयुक्त साठा सुमारे १७७ दशलक्ष घनमीटर आहे. एक दशलक्ष घनमीटर म्हणजे १०० कोटी लिटर, म्हणजेच २५ लाख लिटरच्या ४०० गाड्या. त्या हिशेबानं एका भरलेल्या मांजरातलं उपयुक्त पाणी म्हणजे ७० हजार ८०० गाड्या. रोज एक गाडी आली तरी जवळपास १९४ वर्षं. हा आकडा वाचल्यावर पाऊस, धरण, ऊस आणि भूजल यांच्याबद्दल बोलायला का हवं, ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

माझ्या तीन मटक्यांची गोष्ट

इंटर्नशिपच्या पहिल्याच आठवड्यात मला धरणसाठ्याचं ग्राफिक करायला सांगितलं. मी खूश. तीन सुंदर मटकी काढली. जायकवाडी, मांजरा आणि विष्णुपुरी. तिन्ही एकाच आकाराची. आत टक्केवारीप्रमाणे निळं पाणी. वर ढग, खाली तडकलेली जमीन, कोपऱ्यात घागर घेतलेली बाई. दीड दिवस गेला त्यात.

डेस्कवरच्या सरांनी बघितलं आणि एकच प्रश्न विचारला, ''जायकवाडीत दहा टक्के आणि मांजरात शंभर टक्के असेल तर पाणी जास्त कुठं?''

मी म्हणाले, ''मांजरात. हे काय, मटकं भरलेलं दिसतंय की.''

''हिशेब कर.''

केला. जायकवाडीचा उपयुक्त साठा सुमारे २,१७१ दलघमी. त्याचे दहा टक्के म्हणजे २१७. मांजरा काठोकाठ भरलं तरी १७७. म्हणजे माझं जवळजवळ रिकामं मटकं भरलेल्या मटक्यापेक्षा जास्त पाण्याचं होतं! नांदेडची तहान भागवणारं विष्णुपुरी तर सुमारे ८१ दलघमीचं. तिन्ही मटकी एकाच मापाची काढून मी वाचकाला सरळसरळ फसवलं असतं, तेही अगदी मनापासून.

टक्का हा नेहमी कशाचा तरी टक्का असतो. ते 'कशाचा' चित्रात दिसलं पाहिजे. अर्थात टक्केवारी निरुपयोगी नाही. लातूरकराला 'आपलं धरण किती भरलं' हे टक्क्यातच कळतं, कारण जायकवाडीचं पाणी काही त्याच्या नळाला येत नाही. पण 'मराठवाड्यात एकूण पाणी किती' हा प्रश्न असेल तर टक्के शेजारी शेजारी ठेवून उत्तर मिळत नाही. म्हणून ग्राफिक करायला बसण्याआधी कागदावर प्रश्न लिहायचा. कुणासाठी? त्याला काय ठरवायचं आहे? प्रश्न बदलला की चित्र बदलतं. ही सवय मला त्या मटक्यांनी लावली.

आणि शून्य टक्के? बातमीत 'मांजरा शून्य टक्क्यावर' असं येतं तेव्हा उपयुक्त साठा संपलेला असतो. त्याच्या खाली मृतसाठा असतो. मांजराचा एकूण साठा सुमारे २२४ दलघमी धरला आहे, म्हणजे १७७ च्या खाली ४७ दलघमीची जागा मृतसाठ्याची, त्यात गाळही आला. मटक्यात ही रेघ दाखवली नाही तर 'शून्य टक्के असून पाणी कसं काय दिसतंय?' असा प्रश्न पडतो, आणि मग अफवांना वाव मिळतो.

मोठं करायचं की जास्त काढायचं?

सरांच्या बोलण्यानंतर मी उत्साहात मटक्यांचे आकार बदलले. जायकवाडी मांजराच्या सुमारे बारा पट, म्हणून मटकं बारा पट उंच आणि बारा पट रुंद. पुन्हा चुकलं. उंची बारा पट आणि रुंदी बारा पट म्हणजे कागदावरची जागा १४४ पट! डोळा उंची बघत नाही, सगळी व्यापलेली जागा बघतो. क्षेत्रफळ बारा पट हवं असेल तर उंची-रुंदी साधारण साडेतीन पटच वाढवायला हवी. आठवीच्या भूमितीतलं हे गणित पेपरच्या पानावर कामाला येईल असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी जरा लक्ष दिलं असतं.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलला हे गणित नीट येत होतं. दिवा घेऊन फिरणारी परिचारिका म्हणून आपण तिला ओळखतो, पण ती आकडेवारीत पक्की होती. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगांनी जास्त मेले, हे तिला सरकारला पटवायचं होतं. १८५८ मध्ये तिनं वर्तुळाच्या पाकळ्यांसारखा आलेख छापला. एका महिन्याची एक पाकळी, आणि पाकळीचं क्षेत्रफळ मृत्यूंच्या प्रमाणात. टाळता येण्याजोग्या रोगांच्या निळ्या पाकळ्या बाकी सगळ्यांना झाकून टाकतात. रकानेच्या रकाने वाचायला ज्यांना वेळ नव्हता, त्यांना ते एका पानात दिसलं.

दुसरा मार्ग त्याहून सोपा आहे. १९२५ मध्ये व्हिएन्नात ओटो नॉयराथनं सामान्य कामगारांसाठी एक संग्रहालय सुरू केलं. आकडे चित्रांतून दाखवायची त्याची एक पद्धत होती, पुढे तिला आयसोटाइप म्हणू लागले. तिचा मुख्य नियम असा : संख्या मोठी असेल तर चित्र मोठं काढू नका, त्याच मापाची चित्रं जास्त काढा. एक चित्र म्हणजे अमुक इतके, हे सांगा आणि ओळीत मांडा. वाचक मोजेल.

आता पाण्याची गाडी आठवा. एक वाघीण ५० हजार लिटर. दहा वाघिणी, मग पन्नास वाघिणी. प्लॅटफॉर्मवर उभी असलेली ती गाडी म्हणजे नॉयराथचा तयार आलेखच होता. छापताना मात्र एक छोटी वाघीण आणि शेजारी एक भलीमोठी वाघीण काढायचा मोह होतो.

शून्यापासून सुरुवात

लातूर आणि नांदेडमध्ये राहून क्लासच्या जाहिराती बघितल्या नाहीत असा विद्यार्थी सापडणार नाही. 'लातूर पॅटर्न' हे नाव महाराष्ट्रभर गेलं, बाहेरगावची हजारो मुलं इथं खोल्या करून राहतात, आणि निकाल लागला की चौकाचौकात फ्लेक्स लागतात. मी कुठल्या क्लासवर बोट ठेवत नाही. एक काल्पनिक फ्लेक्स घेऊ.

समजा गेल्या वर्षी एका क्लासचा निकाल ९१ टक्के लागला, यंदा ९४. फ्लेक्सवर दोन खांब आहेत. यंदाचा खांब गेल्या वर्षीच्या चौपट उंच. कसा? खांब शून्यापासून न काढता ९० पासून काढला. ९१ चा खांब एक बोट, ९४ चा चार बोटं. एकही आकडा खोटा नाही, तरी चित्र खोटं आहे. खांबाच्या आलेखात लांबी म्हणजेच किंमत. पाय कापून टाकले की लांबीला अर्थ राहत नाही. म्हणून खांब असेल तर सुरुवात शून्यापासून, याला पळवाट नाही. रेषेच्या आलेखात मात्र मधून सुरुवात चालते, कारण तिथं आपण चढ-उतार बघतो. तापाचा चार्ट शून्य अंशापासून काढला तर ९९ आणि १०३ यांतला फरकच दिसणार नाही, आणि तो फरक तर जिवाचा आहे.

त्याच फ्लेक्सवर लिहिलेलं असतं, 'आमचे ४० विद्यार्थी मेडिकलला'. किती जणांतले चाळीस? शंभरातले की चार हजारांतले? आजीचाच प्रश्न परत. बारावीनंतर एखादं घर शेत गहाण टाकून मुलाला इथं पाठवतं, तेव्हा त्या घरासाठी 'किती जणांतले' हा प्रश्न फी-इतकाच महत्त्वाचा असतो. माझं स्पष्ट मत आहे : निकालाच्या प्रत्येक जाहिरातीत परीक्षेला बसलेल्यांची संख्या छापलीच पाहिजे. तोवर आपण तरी ती विचारल्याशिवाय प्रवेश घेऊ नये.

डोळ्याला काय जमतं

१९८४ मध्ये विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या दोन संशोधकांनी लोकांसमोर वेगवेगळे आलेख ठेवून बघितलं की माणसाला कुठला फरक अचूक ओळखता येतो. एकाच पट्टीवरची जागा आपण सगळ्यात चांगली ओळखतो. मग लांबी. त्यानंतर कोन. क्षेत्रफळात आणखी गडबड होते, आणि रंगाची छटा तर अगदी तळाशी.

म्हणून पाय चार्टमध्ये सात-आठ तुकडे करू नका. २३ टक्के आणि २६ टक्के यांतला फरक पोळीच्या तुकड्यात दिसत नाही, पट्टीत लगेच दिसतो. गंमत अशी की खांबाचा आलेख आणि पाय चार्ट ही दोन्ही एकाच माणसाची देणगी. स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअरनं १७८६ च्या पुस्तकात रेषा आणि खांब छापले, आणि १८०१ मध्ये पाय चार्ट. हत्यार सगळी कामाची, फक्त खुरप्यानं नांगरट करायची नाही.

उरलेला नियम काढून टाकण्याचा. एडवर्ड टफ्टी यांनी १९८३ च्या पुस्तकात सांगितलं की पानावरची जास्तीत जास्त शाई माहितीसाठी खर्च व्हावी. माझ्या ग्राफिकमधला ढग, तडकलेली जमीन, घागर घेतलेली बाई, थ्रीडी सावली, सगळं सरांनी एकेक करत काढायला लावलं. प्रत्येक वेळी विचारायचे, ''हे काढलं तर काय कळायचं राहील?'' काहीच नाही. मग गेलं. रंग एकच ठेवला, ज्या धरणाबद्दल बातमी होती त्याला. बाकी राखाडी. लाल-हिरव्याची जोडी टाळली, कारण काही लोकांना हे दोन रंग वेगळे दिसतच नाहीत. शेवटी झेरॉक्स काढून बघितली. काळ्या-पांढऱ्यात कळलं तर पास.

आपली लिपी, आपली मापं

इंग्रजीतले ट्युटोरियल बघून शिकलो की एक अडचण हमखास येते. सॉफ्टवेअर आकडे मिलियनमध्ये देतं. आपल्या वाचकाला लाख आणि कोटी कळतात. धरणाच्या बाबतीत कुणी टीएमसी म्हणतं, कुणी दलघमी. एक टीएमसी म्हणजे सुमारे २८.३ दलघमी. एकाच पानावर दोन्ही वापरले की वाचक तिथेच थांबतो. एक निवडा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. शक्य तिथं रोजच्या मापात आणा : घागर, टँकर, वाघीण.

अक्षरांचंही तसंच. इंग्रजी शीर्षकात अक्षरांमध्ये जागा सोडली की ते ऐटदार दिसतं. मराठीत तेच केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. आपल्याकडे वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार असतात, म्हणून दोन ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा लागते. या प्रश्नांवर आयुष्यभर काम केलेला माणूस मराठीच होता. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये शिकवायचे. विंडोजवर मराठी टाइप करताना वर्षानुवर्षं आपण जो 'मंगल' फॉन्ट बघितला, तो त्यांनी केलेला.

आणि माहितीची मांडणी हा काही बाहेरून आलेला नवा शौक नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशात साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती. आपला भाग तेव्हा हैदराबाद राज्यात. वाचता न येणाऱ्या माणसानं मत कसं द्यायचं? प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर चिन्ह. एक अक्षर न वाचता मत देता आलं. तितक्या साध्या चित्रांवर एवढ्या मोठ्या देशाची लोकशाही उभी राहिली.

अगदी घरातलं उदाहरण हवं असेल तर आपला सातबारा घ्या. २०२० मध्ये त्याच्या नमुन्यात बारा बदल झाले. दोन खातेदारांच्या नावांमध्ये तुटक रेघ आली. कमी झालेली नावं आधी नुसत्या कंसात असायची, आता कंसासोबत त्यांच्यावर आडवी रेघही येते. लागवडीलायक आणि पोटखराब क्षेत्र मिळून एकूण क्षेत्र दिसू लागलं. शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि तारीख दिसू लागली. एक तुटक रेघ! पण ज्या घरात पाच भावांची नावं एकाखाली एक खेटून लिहिलेली आहेत, त्यांना विचारा त्या रेघेची किंमत. हीच इन्फर्मेशन डिझाइन. त्याला ना आयकॉन लागला, ना ग्रेडियंट.

मग आपण काय करायचं?

हा विषय फक्त मास कॉम आणि फाइन आर्टच्या वर्गात अडकून राहू नये, असं मला वाटतं. बीएस्सीचा विद्यार्थी प्रयोगाचे आलेख काढतो, बीकॉमचा ताळेबंद वाचतो, शेतीचा विद्यार्थी उत्पादनाचे आकडे मांडतो. प्रत्येकाला आलेख 'काढायला' शिकवतात; तो खोटा कसा होतो हे मात्र कुणी शिकवत नाही. पहिल्या वर्षाला दोन-चार तास त्यासाठी दिले तर कुठलाही अभ्यासक्रम मोडणार नाही. लागणार फक्त जुने पेपर, एक पट्टी आणि भांडायला तयार असलेली मुलं.

आम्हा पेपरवाल्यांनाही हे लागू आहे. ग्राफिकखाली आकडे कुठले आणि कुठल्या तारखेचे, हे लिहिलंच पाहिजे. धरणाचा साठा दिवसागणिक बदलतो. तारीख नसलेलं ग्राफिक व्हॉट्सॲपवर दोन वर्षांनी परत फिरतं आणि गावात घबराट पसरवतं. या पानावर आमच्याकडून ते राहिलं तर तुम्ही बिनधास्त कळवा.

आणि तुमच्यासाठी एक काम. या आठवड्यात आपल्या आजूबाजूचा एक आकडा उचला. होस्टेलच्या टाकीत पाणी किती आणि राहणारे किती. लायब्ररीत खुर्च्या किती आणि प्रवेश किती. गावाहून कॉलेजला येणारी पहिली एसटी किती वाजता आणि पहिला तास किती वाजता. भागाकार करा, पट्टी घेऊन कागदावर काढा, खाली आकडा कुठून आणला आणि कधी मोजला ते लिहा. मग तो कागद अशा माणसाला दाखवा ज्याला यातलं काही माहीत नाही. तुम्ही तोंड उघडायचं नाही. त्याला काय कळलं ते त्यालाच सांगू द्या. चुकीचं कळलं तर चूक त्याची नाही, कागदाची.

मी माझं दुरुस्त केलेलं ग्राफिक आधी आजीलाच दाखवलं. तीन पट्ट्या, एकच निळी, बाकी राखाडी. तिनं चष्मा लावला, निळ्या पट्टीवर बोट फिरवलं आणि विचारलं, ''हे मांजराचं व्हय? अन् हे कवापर्यंत पुरंल?''

ते मी दाखवलं नव्हतं. पुढच्या ग्राफिकचा प्रश्न मिळाला.